वास, वासना आणि आप्तवाक्य

सोलापुरातल्या कोणत्याही पेठेत, सत्तरी ओलांडलेल्या कोणत्याही माणसाच्या तोंडी एक वाक्य सहज येते : शेंगाचटणीला आता तो वास राहिला नाही. वाक्य साधे आहे. त्यात ना अलंकार आहे, ना आविष्काराचा आव. तरीही त्याचे वाचन करू गेले तर ते एकाहून अधिक मार्गांनी करावे लागते, आणि हे मार्ग परस्परांना छेद देतात. साहित्याचा समीक्षक त्यात स्मरणरंजन पाहील. मराठी ललित गद्यात बालपणीच्या वासांचे जे पीक दरवर्षी येते त्यातलेच हे एक कणीस, असे म्हणून तो पुढे जाईल. आर्थिक इतिहासाचा अभ्यासक हे वाक्य अक्षरशः खरे मानेल : भाजलेले शेंगदाणे लसूण, तिखट, जिरे घालून तेल सुटेपर्यंत उखळात कुटण्याची रीत मागे पडली, कांडपयंत्र आले, म्हणजे वास बदलणारच. मज्जाविकारांचा वैद्य ह्या दोघांचेही म्हणणे बाजूला ठेवून बोलणाऱ्याच्या चालीकडे, अक्षराकडे आणि चेहऱ्याकडे पाहू लागेल. चौथे वाचन कोणत्याही ज्ञानशाखेने नोंदवलेले नाही. व्यवहारात मात्र तेच सर्वांत रूढ आहे. ते स्वयंपाकघरात होते, आणि त्यानुसार ह्या वाक्याचा अर्थ एवढाच की सुनेच्या हाताला चव नाही.

ह्यांपैकी कोणते वाचन खरे, हा प्रश्न केवळ अर्थनिर्णयाचा नाही. वाचन चुकले की त्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागते. वृद्धाचे म्हणणे स्मरणरंजन म्हणून सोडून दिले तर त्याच्या शरीरात चाललेली एक घडामोड वर्षानुवर्षे अदृश्य राहते. आरोप म्हणून स्वीकारले तर जिने काही बिघडवलेले नाही तिच्यावर दोष येतो. अर्थनिर्णयाच्या सिद्धान्तात ‘लेखकाचा हेतू’, ‘संहितेची स्वायत्तता’, ‘वाचकाचे कर्तृत्व’ ह्यांविषयी बरेच बोलले जाते. पण बोलणाऱ्यालाच आपल्या वाक्याचा विषय कोणता हे ठाऊक नसते, आपण चटणीविषयी बोलतो आहोत असे त्याला वाटत असते आणि प्रत्यक्षात तो स्वतःच्या नाकाविषयी बोलत असतो, अशा संहितेचे काय करायचे?

जेम्स पार्किन्सन ह्या लंडनच्या वैद्याने १८१७ साली कंपवातावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. सहा रुग्णांच्या आधारे लिहिलेल्या ह्या निबंधात हाताचा कंप आहे, पुढे झुकलेले शरीर आहे, नकळत घाईला येणारी पावले आहेत, नाक नाही. वैद्यकाच्या नोंदीत ते यायला १९७५ साल उजाडले. पुढे २००३ साली हायको ब्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत मेंदूंच्या तपासणीवरून असे मांडले की ह्या विकारात पेशींमध्ये साचणाऱ्या आल्फा-सिन्युक्लीन ह्या प्रथिनाच्या गुठळ्या आरंभी दिसतात त्या मेंदूच्या तळाशी, आणि नाकाच्या मुळाशी असलेल्या गंधकंदात. ज्या भागाच्या ऱ्हासाने हात थरथरू लागतो त्या मध्यमेंदूपर्यंत विकार पोहोचतो तो नंतर. हा क्रम सर्वच रुग्णांना लागू पडतो असे नाही. परंतु कंपवाताच्या बहुसंख्य रुग्णांचे घ्राण मंदावलेले असते आणि पुष्कळदा ते कंपाच्या काही वर्षे आधीच मंदावलेले असते, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. अल्झायमरच्या विकारातही हेच घडते, जरी मार्ग वेगळा असला. तेथे ऱ्हासाचा आरंभ होतो तो गंधाचे संदेश जेथे स्मृतीत रुजतात त्या प्रदेशाच्या आसपास. इतर ज्ञानेंद्रियांचे संदेश मेंदूच्या बाह्यकात जाण्यापूर्वी थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबतात. गंध हा नाका टाळून सरळ स्मृती आणि भावना ह्यांच्या घरात शिरतो. ज्या दाराने तो इतक्या सलगीने आत येतो ते दारच आधी निखळावे, ह्याला योगायोग म्हणावे की आणखी काही, हे अद्याप कुणी निर्णायकपणे सांगितलेले नाही.

ह्या सगळ्यात तत्त्वविचाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब वेगळीच आहे. चाचणी घेईपर्यंत ह्या रुग्णांपैकी अनेकांना आपले घ्राण गेल्याचा पत्ताच नसतो. २०२० साली महासाथीत असंख्य माणसांचा वास एका रात्रीत गेला, आणि सकाळचा चहा नुसते कोमट गोड पाणी झाल्याचे त्यांना तत्क्षणी कळले. नुकसान अचानक झाले की ते नुकसान म्हणून जाणवते. पंधरा वर्षांत थेंबाथेंबाने झालेली गळती मात्र गळती वाटत नाही. जगच थोडेथोडे बेचव होत गेले असे वाटते. आता प्रश्न असा : जे हरवले ते हरवल्याचे ज्याला ठाऊक नाही, त्याचे काही हरवले आहे काय?

भारतीय ज्ञानमीमांसेने ह्या प्रश्नासाठी एक नेमके उपकरण घडवून ठेवले आहे. अभावाचे ज्ञान कसे होते, हा तेथे जुना वाद. जमिनीवर घडा नाही हे कशाने कळते? कुमारिलाची परंपरा आणि अद्वैतवेदान्ती म्हणतात की अनुपलब्धी हे त्याचे स्वतंत्र प्रमाण आहे. घडा उपलब्ध होत नाही, म्हणून तो नाही. परंतु ही अनुपलब्धी ‘योग्य’ असावी लागते. घडा तेथे असता तर तो दिसलाच असता, इतका उजेड आणि इतकी दृष्टी असेल तरच न दिसण्याला प्रामाण्य येते. अंधारात घडा दिसला नाही म्हणून तो नाही असे ठरत नाही. घ्राण गेलेला माणूस नेमका ह्याच जागी फसतो. त्याला वास येत नाही. त्यावरून तो वास नाही असे अनुमान करतो. इंद्रियाची अयोग्यता त्याला वस्तूच्या अभावासारखी भासते. डोळ्यांच्या बाबतीत ही चूक होत नाही, कारण अंधार स्वतः दिसतो. नाकाच्या बाबतीत अंधाराला रूप नाही. वास नसलेली हवा आणि वास न येणारे नाक ह्यांत आतून काडीचाही फरक नसतो.

हा फरक किती व्यावहारिक आहे हे स्वयंपाकाच्या गॅसवरून लक्षात येते. ह्या वायूला स्वतःचा म्हणण्यासारखा वास नाही. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन वर्गातले उग्र दर्पाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. म्हणजे घरोघरच्या सुरक्षिततेची एक बाजू नागरिकांच्या नाकावर सोपवलेली आहे. ज्याची योग्यता गेली आहे आणि गेल्याचे ज्याला ठाऊक नाही असा माणूस घरी एकटा असतो तेव्हा अनुपलब्धीच्या प्रामाण्याचा हा वाद पंडितांचा राहत नाही.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. घ्राण शाबूत असलेल्यांनाही आपल्या भोवतालचा वास येत नाहीच. सोलापूरच्या पूर्व भागात परका माणूस शिरला की यंत्रमागांच्या खडखडाटाबरोबर सुताचा, खळीचा आणि रंगाचा असा एक ओलसर दर्प त्याला जाणवतो; तेथेच जन्म काढलेल्या विणकराला तो जाणवत नाही. विड्या वळणाऱ्या हजारो बायका ह्या शहरात आहेत; कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत तर उंबऱ्याउंबऱ्यावर सुपात तंबाखू आणि भिजवलेली तेंदूची पाने घेऊन बसलेल्या स्त्रिया दिसतात. त्यांच्या बोटांना, लुगड्याला, केसांना चिकटलेला तंबाखूचा वास त्यांना स्वतःला येत नाही, आणि विडी न वळणाऱ्यांना तो येतो हे त्यांना सोयरिकीच्या वेळी कुणी तरी सुनावलेले असते. मराठीने राहणे आणि दरवळणे ह्या दोन्हींना ‘वास’ हा एकच शब्द दिला. व्युत्पत्तीने हे दोन शब्द वेगळे आहेत. पण भाषेत ते जुळले ते काही उगाच नव्हे. जेथे वास असतो तेथला वास येत नाही. मग सवयीने बोथटलेले नाक आणि विकाराने मेलेले नाक ह्यांत भेद तो काय?

भेद आहे, आणि तो परतण्याचा आहे. पुण्याला लेकीकडे महिनाभर राहून आलेल्या विणकराला स्थानकावरून घराकडे येताना आपल्या पेठेचा वास क्षणभर येतो. सवय ही वासाची झोप असते. विकाराने वास गेलेल्याला गावाला जाणे आणि गावाहून येणे ह्यांत हा क्षण मिळत नाही. घर सोडल्याची खूण आणि घरी आल्याची खूण दोन्ही पुसल्या जातात. सगळीकडे सारखेच असणे ही त्याची नवी स्थिती.

येथे सोलापूरच्या भाषिक स्थितीचा विचार उपयोगी पडतो. हे शहर मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांत जगते. विणकर पद्मशाली समाजाची घरची बोली तेलुगू, बाजाराची मराठी. तेलुगूत वासाला ‘वासन’ म्हणतात, कन्नडात ‘वासने’. संस्कृतातल्या ‘वासना’ ह्या शब्दाचेच हे अवतार. पण मराठीत तो शब्द वासापासून तुटला आणि इच्छेच्या, त्यातही निंद्य इच्छेच्या, गल्लीत जाऊन पडला. पूर्व भागातला म्हातारा ताटावर बसून ‘वासन लेदु’ म्हणतो तेव्हा त्याला चटणीला वास नाही एवढेच म्हणायचे असते. भिंतीपलीकडच्या मराठी शेजाऱ्याच्या कानाला मात्र ते वैराग्याचे वाक्य वाटेल. आणि गंमत अशी की शेजाऱ्याचे ऐकणे अगदीच चुकीचे ठरत नाही. कंपवातात हालचाली मंदावतात तशी पुष्कळांची उमेदही मंदावते. अन्नावरची, माणसांवरची, सणावारावरची इच्छा ओसरते. एका गल्लीत गंध आणि दुसऱ्या गल्लीत इच्छा असलेला हा शब्द एकाच देहात दोन्ही अर्थांनी खरा होतो.

‘वासना’ शब्दाचा मूळ व्यापार सुगंधित करण्याचा आहे. फुलांत ठेवलेले वस्त्र फुले काढून घेतल्यावरही दरवळते. अनुभव निघून गेल्यावर चित्तात राहणारा संस्कार तसाच, म्हणून त्याला वासना म्हटले. बौद्ध आणि योग ह्या दर्शनांनी हे रूपक वापरले, आणि काव्यशास्त्राने ते तेथून उचलले. अभिनवगुप्ताच्या मते रसाचा आस्वाद संभवतो तो सहृदयाच्या चित्तात जन्मजात वासना असतात म्हणून. वासनाशून्य प्रेक्षक हा नाट्यगृहातल्या लाकडासारखा, भिंतीसारखा, दगडासारखा, असे पुढच्या आलंकारिकांनी सांगितले. मराठी समीक्षेने ह्या विधानाची चर्चा पुष्कळ केली. पण त्याच्या मुळाशी असलेल्या नाकाकडे सहसा पाहिले नाही. खरे तर रससिद्धान्ताची सगळी इमारतच नाकाच्या जागेवर उभी आहे. भरताने रसाची उपपत्ती अनेक व्यंजनांच्या संयोगातून येणाऱ्या आस्वादाच्या दृष्टान्ताने लावली. आता जिभेला कळते ते गोड, आंबट, खारट, कडू असे मोजके. तिखटपणा तर रुचीच नव्हे, तो दाह. बाकी ज्याला आपण चव म्हणतो, शेंगदाण्याचा खमंगपणा, लसणीचा झणका, जिऱ्याची ऊब, ते सारे घशाच्या मागच्या वाटेने नाकात पोहोचणारे गंध आहेत. वास गेलेल्या म्हाताऱ्याच्या जिभेवर चटणीचे उरते ते तिखट आणि मीठ. म्हणून तो आणखी मीठ मागतो, आणि सुनेचा अपराध आणखी सिद्ध होतो.

वाङ्मयातल्या गंधाचा विचार केला तर एक विलक्षण साम्य पुढे येते. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले. वैशाखातल्या धुळीने भरलेल्या सोलापुरात बसून ते वाचणाऱ्याला फुलांचे, पानांचे, ओल्या मातीचे जे गंध ‘येतात’ ते कोठून येतात? पानावर शाई असते, गंध नसतो. वाङ्मयीन गंधाच्या बाबतीत प्रत्येक वाचक घ्राणहीनच असतो. ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात हा चमत्कार आपल्या भाषेचा गौरव म्हणून सांगितला आहे : शब्द हा खरा कानाचा विषय, पण जीभ म्हणते हा माझा रस आणि नाकाला वाटते हा परिमळ. इंद्रियांची ही आपसांतली भांडणे शब्दाने लावून दिली. ते शक्य होते ते वासनेच्या बळावर; वस्त्र एकदा फुलांत राहून आलेले असते म्हणून. ह्या दृष्टीने वाचक आणि रुग्ण एकाच बाकावर बसलेले आहेत. दोघांनाही वस्तू दिलेली नाही, फक्त शब्द दिलेला आहे.

पण बाक एक असला तरी त्यावरची माणसे दोन प्रकारची आहेत. कंपवाताच्या रुग्णाचे नाक गेले तरी पंढरपूरच्या बुक्क्याचा वास कसा होता हे त्याला पुष्कळदा आठवते. कपाळावर काळे बोट टेकले की त्याच्या मनात काही तरी हलते. फुले गेली, वस्त्र दरवळते आहे. अल्झायमरच्या रुग्णात ऱ्हास पुढे सरकतो तेव्हा वस्त्राचाच धागा उसवू लागतो. एक दिवस बुक्का हा शब्दही सुटतो. पहिल्याला काव्य शक्य आहे. एका परीने काव्याखेरीज त्याला दुसरा वासच उरलेला नाही. दुसऱ्याच्या बाबतीत ‘वासनाशून्य’ हे काव्यशास्त्राचे विशेषण वैद्यकाच्या नोंदीसारखे वाटू लागते, आणि लाकूड, भिंत, दगड ही उपमा कठोर वाटू लागते. ज्यांनी ती दिली त्यांच्यासमोर अरसिक प्रेक्षक होता, स्वतःच्या मुलाचे नाव विसरलेला बाप नव्हता.

घ्राण आणि भाषा ह्यांचा संबंध किती गुंतागुंतीचा आहे हे घ्राणाच्या चाचणीवरून दिसते. १९८४ साली अमेरिकेत रिचर्ड डॉटी ह्यांनी चाळीस गंधांची एक चाचणी तयार केली. पुस्तिकेतला ठिपका खरवडायचा, हुंगायचा आणि दिलेल्या चार नावांतून एक निवडायचे. तीत भोपळ्याच्या गोड पायचा वास आहे, तेथल्या एका मुळांच्या पेयाचा आहे. सोलापूरच्या विणकराला हे वास ओळखता आले नाहीत तर त्याचे नाक गेले असे कोण म्हणेल? त्याच्यासाठी हिंग, कापूर, मोगरा, भाजलेला हुरडा, बुक्का आणि ओल्या सुताची खळ असलेली पुस्तिका हवी; आणि चार पर्याय कोणत्या भाषेत छापायचे हेही ठरवायला हवे. रंगांना तांबडा, निळा अशी स्वतःची नावे आहेत. वासाला नाव नसते, पत्ता असतो : चाफ्याचा, रॉकेलचा, पहिल्या पावसाचा. मराठीत खमंग, कुबट, खवट, आंबूस, करपट असे काही शब्द आहेत खरे. पण तेही बहुधा स्वयंपाकघराने आणि अडगळीच्या खोलीने दिलेले. त्यामुळे वास ओळखणे म्हणजे त्याच्या मालकाचे नाव सांगणे. रुग्ण नाव सांगू शकला नाही तेव्हा नाक चुकले, स्मृती चुकली की शब्द चुकला, हे चाचणीला नेहमीच सांगता येते असे नाही. चार पर्याय छापून देण्याची युक्ती शब्दाचे ओझे हलके करण्यासाठीच आहे. तरीही ओझे उरतेच.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाने ह्या इंद्रियाला फारशी किंमत दिली नाही. कोन्दियाकने १७५४ साली आपल्या काल्पनिक पुतळ्याला प्रथम घ्राणच दिले, पण ते सर्वांत दरिद्री इंद्रिय म्हणून. एवढ्याशा भांडवलावरही मन उभे राहते हे त्याला दाखवायचे होते. कांटने मानवशास्त्रावरच्या आपल्या व्याख्यानांत ते सर्वांत कृतघ्न आणि सर्वांत अनावश्यक इंद्रिय ठरवले, आणि दुसऱ्याच्या वासात सक्तीने सहभागी व्हावे लागते म्हणून त्याला स्वातंत्र्याच्या विरुद्धही मानले. हेगेलने कलेच्या क्षेत्रात डोळा आणि कान ह्यांनाच प्रवेश दिला. आपल्याकडे वैशेषिकांनी गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानून त्याला निदान घर दिले. पण लोकभाषेने त्याच ‘घ्राण’ शब्दाचा अपभ्रंश करून ‘घाण’ हा शब्द तयार केला, तेव्हा तिचाही निकाल कांटहून फारसा वेगळा लागला नाही. मर्ढेकरांचा लयसिद्धान्त संवाद, विरोध आणि समतोल ह्यांवर उभा आहे. गंधांची अशी रचना बांधणे कठीण, म्हणून तेथेही नाक दाराबाहेर राहते. कांटचा आक्षेप मात्र उलटून वाचण्यासारखा आहे. दुसऱ्याच्या वासात सक्तीने सहभागी व्हावे लागते, ह्याचाच अर्थ असा की वास ही खाजगी मालमत्ता नाही. एकाचे नाक गेले तर शेजारच्याचे शाबूत असते, आणि दोघे एकाच हवेत असतात.

स्कॉटलंडमधल्या जॉय मिल्न ह्या परिचारिकेची हकीकत ह्या दृष्टीने बोलकी आहे. नवऱ्याच्या अंगाचा वास बदलला, त्याला एक जड, कस्तुरीसारखा दर्प येऊ लागला, हे तिला त्याच्या कंपवाताचे निदान होण्याच्या सुमारे बारा वर्षे आधी जाणवले. तिने त्याला नीट स्नान करण्यास सांगितले; तो चिडला. त्याच्या दृष्टीने असा वासच नव्हता. पुढे एडिंबरोत तिची परीक्षा झाली. रुग्णांचे आणि निरोगी माणसांचे प्रत्येकी सहा सदरे तिला हुंगायला दिले. तिने सर्व रुग्ण ओळखले, आणि निरोगी गटातल्या एकालाही रुग्ण ठरवले. ही एक चूक धरण्यात आली. काही महिन्यांनी त्या माणसालाच कंपवाताचे निदान झाले. पुढे २०१९ साली त्वचेवरच्या तेलकट स्रावातील काही द्रव्यांचा शोध प्रसिद्ध झाला तो तिच्या नाकाचा माग काढत. ज्या विकारात रोग्याचे नाक जाते त्या विकाराचा वास घरातल्या माणसाला येतो, आणि रोगी त्यावर विश्वास ठेवत नाही. वैज्ञानिक शोध म्हणून ह्या हकीकतीचे कौतुक झाले. त्याआधीचे पती-पत्नींचे भांडण मात्र प्रस्तावनेत गेले, आणि नैतिक प्रश्न तर त्या भांडणात आहे.

सांगावे की न सांगावे, हा तो प्रश्न. कंपवाताचा ऱ्हास थांबवणारे औषध अद्याप नाही. लेव्होडोपाने हालचाल सुधारते, गेलेला वास परत येत नाही. मग नाक गेले आहे हे दाखवून देणे म्हणजे काही वर्षांनी येणाऱ्या संकटाची चिठ्ठी आजच हातात देणे नव्हे काय? येथे दोन वेगळी सांगणी एकत्र होतात, ती सोडवायला हवीत. तुझे घ्राण गेले आहे, हे एक सांगणे. तुला अमुक विकार होणार आहे, हे दुसरे. पहिले आजचे आहे, पडताळता येते, आणि आजच उपयोगी पडते. दूध, गॅस, जळता तवा ह्यांच्याशी त्याचा संबंध आहे. दुसरे अनिश्चित आहे. ऐंशीच्या पुढे बहुसंख्यांचे घ्राण मंदावतेच. जुनाट सर्दी, डोक्याला मार, महासाथीतला ज्वर, तंबाखू अशी कारणे वेगळी. वास गेलेल्या शंभरांत कंपवाताकडे जाणारे थोडेच. पहिले सांगणे हे ऋण आहे, ते फेडलेच पाहिजे. दुसरे माणसाने विचारल्याशिवाय त्याच्या दारात नेऊन टाकणे ज्ञानाच्या नावाखाली केलेला उपद्व्याप होय. डॉक्टरी व्यवहारात मात्र बहुधा उलटे घडते : भविष्याच्या भयाने दोन्ही गोष्टी लपवल्या जातात, किंवा चाचणीच्या उत्साहात दोन्ही एका दमात सांगितल्या जातात.

पहिले सांगणे आणखी एका माणसाला देणे लागते, आणि ती म्हणजे सून. म्हाताऱ्याला करपलेले दूध कळले नाही, उदबत्ती विझली की तेवते हे कळले नाही, हे घरात सर्वांत आधी तिच्या लक्षात येते. न्यायशास्त्रात आप्त कोण? ज्याला वस्तू जशी आहे तशी ठाऊक आहे आणि जो ती तशीच सांगू इच्छितो, तो. दोन्ही अटी ती पुऱ्या करते. पण तिच्याच हाताला चव नाही असा आरोप असल्यामुळे ती साक्षीदार राहत नाही, पक्षकार होते. ‘मामंजी, वास तुम्हांलाच येत नाही’ असे ती म्हणाली तर ते आरोपीचे प्रत्युत्तर ठरते, प्रमाण ठरत नाही. मराठीने ‘आप्त’ ह्या शब्दात विश्वासार्ह आणि नातलग हे दोन अर्थ एकत्र केले. ह्या घरात पहिला अर्थ दुसऱ्याने खाऊन टाकलेला असतो. म्हाताऱ्याच्या तक्रारीत खोटेपणा नाही. त्याच्या गिरणीचा वास खरोखरच गेला आहे. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी आता नाही, तिच्या मागोमाग दुसऱ्याही बंद पडल्या. जगाचा वास गेला आणि नाकही गेले, ह्या दोन गोष्टी त्याच्या आयुष्यात एकमेकींवर इतक्या तंतोतंत बसल्या आहेत की पहिलीचा पुरावा दुसरीच्या खात्यात जमा होतो. त्याच्या दुःखाला पत्ता हवा असतो आणि सर्वांत जवळचा पत्ता चुलीपाशी असतो.

संस्कृत काव्यात प्रवासाहून आलेल्या मुलाचे मस्तक वडीलधारी माणसे हुंगतात. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात दिलीप राजा गर्भवती राणीचे मातीच्या वासाने दरवळणारे मुख हुंगतो आणि त्याची तृप्ती होत नाही. आपुलकीची ही क्रिया मराठी घरांतून जवळजवळ नाहीशी झाली. तान्ह्या मुलापुरती तेवढी उरली आहे. नातवंड मांडीवर आले की म्हातारा अजूनही मान झुकवून त्याचे टाळू हुंगतो. काहीच येत नाही. तरी तो क्षणभर थांबतो, आणि कुणी विचारले तर बाळंतशेपाचा, धुरीचा, तेलाचा असा वास सविस्तर सांगतो. तो खोटे बोलत नाही. शब्दाने वासना जागी होते, एवढेच. घरातल्यांनी ह्यावर त्याची परीक्षा घेण्याचे कारण नाही. परीक्षा घ्यायची ती दुधाच्या पातेल्यापाशी.

पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या संस्थांमुळे रुग्णांनी आणि घरच्यांनी एकमेकांशी ह्या विकाराविषयी बोलावे अशी एक रीत महाराष्ट्रात रुळू लागली आहे. तशा बोलण्यातून एखाद्या घरात हा उलगडा होतो. मग एखाद्या सकाळी म्हातारा पातेले स्वतःच उतरवतो, झाकण काढतो, नाकाशी नेण्याची जुनी सवय अर्ध्यावर आवरतो आणि ते सुनेपुढे धरतो. ‘बघ गं, नासलंय का?’ ती हुंगते. ‘नाही मामंजी, चांगलं आहे.’ तो चहाचे आधण ठेवायला वळतो. तीही गॅसपाशी उभी असते.